आत्याचा मान

माझं पोट वाढण्यात वन्संचा फायदा काय होता, ते आधी सांगते. नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला नुसतं नणंद-भावजयीचं भांडण वाटेल.

आमचं बांगड्यांचं दुकान अगदी मोक्याच्या कोपऱ्यावर. एका अंगाला भाजीबाजार, दुसऱ्या अंगाला एसटी स्टँडचा रस्ता. मागे दोन खोल्या, त्यात मी एकटी. दुकान नवऱ्याच्या नावावर आणि नवरा भिंतीवर, फोटोत. मूलबाळ नाही. वन्संच्या अरविंदला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं आणि त्याच्या मनात भरलेली जागा गावात एकच होती. मी म्हातारी होऊन मरायची वाट बघायची, तर अरविंदचेच केस पिकले असते. पण मी तोंड लपवून माहेरी निघून गेले, तर? भावाची जागा बहिणीकडे, तिच्याकडून भाच्याकडे. कोर्ट नको, कचेरी नको.

हा झाला धडधडीत फायदा. दुसरा दिसत नसे, पण वन्संना तो जास्त प्यारा होता. रस्त्यानं बाई चालली की तिला कितवा महिना लागला ते गोदावन्सं ओट्यावर बसून सांगत. सासूला कळायच्या आधी वन्संना कळे. गाव त्या नजरेला मान देई आणि त्यांच्या गळ्याला त्याहून जास्त. बारसं कुणाकडचंही असो, पाळणा म्हणायला गोदाक्का. घरचा जुना शिसवी पाळणाही त्यांच्याकडेच असायचा. तो गल्लीत ज्याच्या त्याच्याकडे जाई आणि मागोमाग गोदाक्का. अशी नजर चुकली असं एकदाही होऊन चालत नाही. तेव्हा माझ्याकडे बघून त्या एकदा जे बोलल्या, ते खरं ठरणं त्यांना भागच होतं.

बोलल्या त्या भर दुकानात, श्रावणातल्या शुक्रवारी. बायकांची ही गर्दी. कुलकर्ण्यांची धाकटी सून समोर बसलेली, तिच्या हातात मी चुडा भरत होते. एक हात भरून झाला होता. दुसरा मी हातात घेतला, तेवढ्यात वन्सं दोन बायकांना घेऊन पायरी चढल्या.

"माले," त्या म्हणाल्या, "एक चुडा आज तुझ्याही हातात भर गं. हिरवा."

मला वाटलं, चेष्टा आहे. "वन्सं, मला कुठला हिरवा चुडा आता?"

"तेच म्हणते मी. तुझा नवरा गेल्याचं आम्हाला ठाऊक आहे. तुझ्या पोटाला कुणी कळवलेलं दिसत नाही."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या बोटांत बांगडी पिचली. आम्ही कासार बांगडी फुटली असं म्हणत नाही, वाढली म्हणतो. त्या दिवशी मात्र ती फुटलीच.

"चौथा सरून पाचवा," वन्सं बरोबरच्या बायकांना म्हणाल्या. "चाल बघितलीत का? टेकल्याशिवाय उठवत नाही तिला."

कुलकर्ण्यांच्या सुनेनं हात हळूच माझ्या हातातून काढून घेतला. "राहू दे मालाताई. दुसरा नंतर भरते." आणि ती एका हातात हिरव्या बांगड्या आणि दुसरा मोकळा, अशी भाजीबाजारातून चालत गेली. ज्यांनी वन्संचं बोलणं ऐकलं नव्हतं, त्यांनी तिचे हात पाहिले.

त्यानंतर दुकान ओस पडलं. अशा बाईच्या हातून सवाष्णीनं चुडा कसा भरून घ्यावा? बायका समोरून जायच्या, माझ्याकडे न बघता, पोटाकडे बघून. अरविंद एकदा येऊन दाराची रुंदी पावलांनी मापून गेला. म्हणाला, "मामी, सहज."

शेजारी हमिदाभाभीचं शिलाईचं दुकान. माझी झंपरं तीच शिवायची. एक दिवस दुपारी तिनं मला आत ओढलं, पडदा लावला आणि टेप घेतली.

"हात वर कर."

"भाभी, तू पण?"

"गप. वर कर." तिनं छाती मापली, कंबर मापली, टेप गळ्यात टाकली. "मला चार पोरं झाली, आणि अर्ध्या गावच्या गरवार बायांची झंपरं मी उसवून सैल करून दिलीत. आधी झंपर आवळतं, मग परकर. तुझं झंपर दोन वर्षांपूर्वी शिवलेलं अजून बसतंय. फक्त परकराची नाडी पुरेना. हे पोर नाही. हे दुसरं कायतरी आहे, आणि तू माझ्याबरोबर दवाखान्यात येतीयस."

"दवाखान्यात गेले तर म्हणतील, पाडायला गेली."

"नाही गेलीस तर काय म्हणतायत? आरती ओवाळतायत?"

डॉक्टर मृदुला घाटगे तेव्हा गावात नव्या होत्या. बोलणं तुटक, हात मात्र हलका. पाळी येते का? येते. दुखतं कुठं? डावीकडे, बसून उठताना. लघवीला सारखं जावं लागतं? गिऱ्हाईक टाकून पळावं लागतं, मी म्हटलं. त्यांनी आधी लघवी तपासली, दिवस गेलेले नाहीत असं सांगितलं, आणि मग पोटावर गार जेल चोपडून सोनोग्राफीचं यंत्र फिरवायला लागल्या. पडद्यावर सगळं राखाडी. मला तो पाण्यानं पुसलेल्या पाटीसारखा दिसत होता.

"ही तुमची गर्भपिशवी. रिकामी आहे, चांगली आहे. आणि हे एवढं मोठं, हे इथं नको होतं. डाव्या अंडाशयाची गाठ आहे. पपईएवढी झालीय."

"कॅन्सर?"

"तसं वाटत नाही. दिसायला साधी गाठ आहे. काढल्यावर मिरजेच्या लॅबला पाठवू, ते पक्कं सांगतील. पण काढावी लागेल. एवढ्या मोठ्या गाठीला पीळ बसला की माणूस गडाबडा लोळतं."

हमिदानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला रडू यायला हवं होतं. मला आलं ते वेगळंच.

"डॉक्टर," मी विचारलं, "काढलेली गाठ तुम्ही बाहेर कुणाला दाखवता का?"

"नातेवाइकांना दाखवतो. सगळेच दाखवतात. नाहीतर लोक म्हणतात, काही काढलं नाही, नुसतं चिरून शिवलं."

"मग नातेवाईक मी आणते," मी म्हटलं.

वन्संच्या ओट्यावर गेले तेव्हा त्या गहू निवडत होत्या. सून रेवती आत भाकऱ्या थापत होती. तिला खरोखरच पाचवा होता.

"वन्सं, ऑपरेशन आहे. सही करायला माणूस लागतंय. तुमच्याशिवाय मला कोण आहे?"

त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर दया आणि आनंद एकदमच आले आणि एकमेकांना अडले.

"कसलं ऑपरेशन?"

"पोटात गाठ आहे."

"गाठ," वन्सं म्हणाल्या, आणि गल्लीकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, "हो हो, गाठच. येते मी. मी नाही तर कोण?"

ठेवणीतलं इरकल नेसून त्या आल्या. सही केली. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बाकावर बसल्या, दाराला डोळे लावून.

माझ्या कण्यात सुई दिली होती. कंबरेखाली मी नव्हतेच, पण कान जागच्या जागी होते. डोळ्यांपुढे हिरवं कापड, पलीकडे हत्यारांची किणकिण. मग कुणीतरी आतून काहीतरी जड ओढून काढतंय असं वाटलं, दुखलं मात्र नाही. डॉक्टर म्हणाल्या, "छान, अख्खी निघाली." ट्रेमध्ये थप्प असा आवाज झाला. त्यांनी ती गाठ चिरून पाहिली असावी, कारण सिस्टर "अगंबाई" म्हणाली. मग दार उघडलं.

"गोदावरीबाई, या. ही बघा गाठ."

मग वन्संचा आवाज आला, पाळणा म्हणतानाही कधी लावला नसेल इतका वरच्या पट्टीतला.

"केस आहेत हिला!"

"हो. केस आहेत, चरबी आहे. आणि हा इथं..."

"दात! बाई गं, दात आहे!"

"दातच आहे. अशा गाठीत असतं असं. ऐका ना, घाबरू नका, मी सांगते..."

पण ऐकायला तिथं कुणी नव्हतंच. चपला फटफटत कॉरिडॉरच्या टोकाला गेल्या होत्या. डॉक्टर परत आत आल्या आणि सिस्टरला म्हणाल्या, "भित्र्या दिसतात." मी टेबलावर पडल्या पडल्या विचार केला: झालं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आता तरी तोंड मिटेल.

तिसऱ्या दिवशी हमिदा डबा घेऊन आली. डबा उघडला, पुन्हा झाकला.

"काय झालं भाभी?"

"तुझ्या नणंदेनं गाव डोक्यावर घेतलंय. म्हणतीय, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, केस होते, दात होते. पोरच होतं. डॉक्टरणीनं ट्रेमध्ये घेऊन मला दाखवलं."

सबंध गावाच्या गर्भारपणाचं ज्ञान असलेली बाई, आणि तिला एवढं सुचलं नाही!

"भाभी," मी म्हटलं, "पोटातल्या पोराला दात?"

हमिदानं तोंडाला पदर लावला. मग मला हसू फुटलं आणि टाके असे ओढले गेले की डोळ्यांतून पाणी आलं. "हसू नको, हसू नको," म्हणत तीच हसत होती.

संध्याकाळी डॉक्टर आल्यावर मी त्यांना सगळं विचारून घेतलं. केस कुठून आले, दात कुठून आला, नीट समजेपर्यंत. आणि मग म्हटलं, लॅबचं काम झालं की उरलेली गाठ मला बरणीत घालून हवी.

"कशाला?"

"एकीला पुन्हा दाखवायचीय. मागच्या खेपेला त्या पूर्ण न बघताच गेल्या."

डॉक्टरांनी केसपेपर मिटला. "बरणी उघडायची नाही, आणि परत इथं आणून द्यायची. आम्हाला ती नियमानं नष्ट करावी लागते," एवढंच म्हणाल्या.

टाके निघाले, अंगात थोडी ताकद आली, मिरजेहून कागद आला, बरणीही आली. मग मी अरविंदला दुकानात बोलावलं. "बाबा, आईला सांग, पाळणा हवाय. शुक्रवारी बारसं आहे माझ्याकडे. आणि सांग, आत्याचा मान तुमचा."

"कुणाचं बारसं, मामी?"

"आईला विचार. तिनं पाहिलंय."

बारशाचं आमंत्रण घरोघर जाऊन द्यावं लागतं. मला द्यावं लागलं नाही. शुक्रवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मला वाळीत टाकणाऱ्या बायका दाराच्या चौकटीला चिकटून उभ्या. मी घुगऱ्या केल्या होत्या, सुंठवडा केला होता. पाळणा छताच्या कडीला टांगून त्याला रंगीबेरंगी बांगड्यांच्या माळा बांधल्या होत्या. आत दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी, वर कुंची.

"वरवंटा असेल," कुणीतरी कुजबुजलं. बारशाला बाळाबरोबर वरवंट्यालाही कुंची घालून पाळण्यात ठेवतात ना, तसा.

वन्सं आल्या. अंगावर तेच इरकल. गर्दीनं वाट दिली. रेवती पोट सांभाळत त्यांच्या मागं.

"हा काय पोरखेळ, माले?"

"पोरखेळ कसा? पोराचं काम आहे. या वन्सं, पुढं या. आत्यानं कानात नाव सांगायचं असतं."

सवयीनं असेल किंवा एवढ्या नजरा पाठीवर होत्या म्हणून, त्या पाळण्याशी आल्या. आत्या नाव सांगायला वाकली की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ती रीतच आहे. तेव्हा चार-सहा हात आपोआप वर झाले. वन्सं वाकल्या. मी दुपटं बाजूला केलं.

काचेची बरणी. आत पिवळट पाण्यात अर्धी चिरलेली गाठ, केसांचा एक झुबका, आणि एका कडेला चण्याएवढा दात.

वर झालेले हात वरच राहिले.

"ओळखलंत?" मी विचारलं. "तुम्हीच तर आधी पाहिलंत. केस, दात. तुम्ही म्हणालात पोर आहे, म्हणून मी बारसं घातलं. आता नाव सांगा."

"हे... हे कसलं..."

"घाबरता कशाला? तुमच्या भावाचं आहे ना? आत्यानं नाव ठेवलं की ते तुमच्या माहेरचं, रासन्यांच्या घराचं. मग दुकान त्याचं, मागच्या खोल्या त्याच्या. अरविंदला दुसरीकडे जागा बघायला सांगा."

कुणीतरी मागून खुसखुसलं.

"माझ्या भावाला जाऊन सहा वर्षं झाली!" वन्सं ओरडल्या.

"मग भावाचं नाही? मग तुम्ही आत्या कशा? आणि मग कुणाचं, तेही सांगा. डोळ्यांनी पाहिलंय तुम्ही. सगळ्यांसमोर सांगा, कुणाचं ते."

वन्संनी आजूबाजूला पाहिलं. नेहमी त्यांच्या शब्दाची वाट बघणारे चेहरे होते. आजही वाटच बघत होते.

मी मिरजेचा कागद कुलकर्ण्यांच्या सुनेच्या हातात दिला. "वाच गं. तू शिकलेली आहेस."

तिनं वाचला. अडखळत वाचला, पण वाचला: डाव्या अंडाशयाची साधी गाठ, कॅन्सर नाही. पुढचं मी सांगितलं, डॉक्टरांनी जसं मला सांगितलं होतं तसं. अंडाशयातल्या काही पेशी जन्मापासून चुकार असतात. त्या बसल्या जागी केस करतात, चरबी करतात, दातही करतात. त्याला पुरुष लागत नाही. लग्न न झालेल्या पोरींना होते, परकऱ्या पोरींनाही होते. "उद्या तुमच्यापैकी कुणाच्या पोरीला झाली," मी म्हटलं, "तर गोदाक्कांकडे जाऊ नका. त्या महिना सांगतील."

"आता सांगा वन्सं. पोर आहे की काय आहे?"

त्यांचे ओठ हलले.

"मोठ्यानं. पाळणा म्हणताना कसा आवाज लागतो, तसा."

"गाठ आहे," वन्सं म्हणाल्या.

"मग वाका. गाठीच्या कानात सांगा, ती गाठ आहे म्हणून. कान सापडेल तिथं."

आणि त्या खरंच वाकल्या. का, ते मला आजही माहीत नाही. बहुतेक तोंड लपवायला दुसरी जागा उरली नव्हती. त्या वाकल्या आणि पहिला धपाटा पाठीत पडला. तो रेवतीचा होता. घालताना ती हसत होती, एका हातानं पोट धरून, आणि तिला हसू आवरत नव्हतं. मग सगळ्याच बायका पुढं झाल्या. रीतच ती. जोरात कुणी मारलं नाही. हळूही कुणी मारलं नाही.

वन्सं गेल्यावर कुलकर्ण्यांची सून पाटावर बसली आणि तिनं उरलेला हात पुढं केला. तिच्यामागं ओळ लागली. घुगऱ्या पुरल्या नाहीत. बरणी मी दुसऱ्या दिवशी कबूल केल्याप्रमाणं डॉक्टरांकडे पोचवली आणि पाळणा वन्संकडे.

पुढं रेवतीचं डोहाळजेवण झालं नाही. तिच्या हसण्याची ती शिक्षा होती, हे सगळ्या गल्लीला कळलं. तिला मुलगी झाली. बारशाला मला बोलावणं आलं, कारण बाळाच्या मनगट्या कासारणीनंच घालायच्या असतात. मी गेले. मनगट्या घातल्या. त्याच पाळण्यात मुलीला ठेवलं. नाव ठेवून झालं आणि मग सगळ्या थांबल्या, सवयीनं, गोदाक्कांकडे बघत.

वन्संनी घसा साफ केला. तोंड उघडलं. आणि त्याच वेळी खोलीतल्या प्रत्येक बाईनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही. मांडीवरची बांगड्यांची पेटी बंद केली, तिची कडी खट्कन वाजली, एवढंच. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

वन्संचं तोंड मिटलं. त्यानंतर ते गाण्यासाठी उघडलं नाही. त्यांच्या घरीही नाही आणि इतर कुणाच्या घरीही नाही. त्या दिवशी पाळणा नुसताच हलला, करकर वाजत, आणि पोर रडत राहिली.

ती मुलगी गौतमी. परवा दुकानात आली होती, कॉलेजच्या कार्यक्रमाला हिरव्या बांगड्या हव्यात म्हणून. वन्संना जाऊन आता बरेच दिवस झाले. मी तिचा हात हातात घेतला. हाड वन्संचंच, रुंद.

"मामीआजी," ती म्हणाली, "सगळे म्हणतात, आमच्या आजीचा आवाज फार गोड होता. मी तो गाण्यात कधीच ऐकला नाही. तुम्ही ऐकलाय?"

"ऐकलाय."

"कसा होता?"

"हात सैल सोड," मी म्हटलं. "आवळून धरलास तर वाढेल."

बांगड्या भरल्या, ती गेली, आणि मी गल्ल्यापाशी बसून जुना हिशेब पुन्हा एकदा करून पाहिला. माझं डावं अंडाशय गेलं; ते कुणामुळं गेलं नाही, गाठीनं खाल्लं. वन्संची नजर गेली, गळा गेला. तो त्यांनी स्वतःच्या जिभेनं घालवला, त्याचं मला आजही काही वाटत नाही. रेवतीचं डोहाळजेवण गेलं, पण तिनं निदान हसून घेतलं होतं. दुकान माझ्याकडे राहिलं. सगळ्यांचं सगळं फिटलं. फक्त ज्या पोरीनं कुणाचं काही घेतलं नव्हतं, तिच्याकडून आम्ही दोघींनी मिळून वसूल केलं.